पोपट कवळे असले पाहिजेत

मी आजवर एकही पोपट खाल्लेला नाही. म्हणजे पंखवाला. शेंगेतले पोपट मात्र जन्मभर खात आलो आहे आणि दात आहेत तोवर खाणार आहे. हा खुलासा सुरुवातीलाच करतो, कारण एका हिवाळ्यातल्या दुपारी पुण्याहून आलेल्या एका सज्जन बाईंनी मला माझ्याच बैठकीत पक्षीभक्षक ठरवलं होतं, आणि त्या बाई माझ्या मुलीच्या होणाऱ्या सासूबाई होत्या!

आमच्या यवतमाळकडे थंडीत बाजारात वालाच्या हिरव्यागार शेंगा येतात. त्यांना आम्ही पोपट म्हणतो. हे नाव कोणी ठेवलं, कधी ठेवलं, ठाऊक नाही. रंगावरून ठेवलं असावं. पोपट सोलायचे, वांग्यात टाकायचे, तिखट जरा सढळ हातानं घालायचं, आणि उतरवताना वरून सांबार भुरभुरायचा. (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. पण एका वेळी एकच घोटाळा घेऊ!) सोबत ज्वारीची भाकर. मग कोणी मला मंत्रिपद देऊ केलं तरी मी म्हणेन, जेवण होऊ द्या, मग बघू.

घरच्या जेवणाचं मला लहानपणापासून वेड आहे. कोणाला नाटकाचं असतं, कोणाला क्रिकेटचं असतं, मला भाकरीचं आहे. नोकरीत दौऱ्यावर जायचो तेव्हाही डबा सोबत असायचा. साहेब लोक हॉटेलात पनीर मागवायचे आणि मग माझ्या डब्यातल्या जवसाच्या चटणीकडे बघत बसायचे. निवृत्त झाल्यावर तर मी स्वयंपाकघरातच बदली करून घेतली. (आधीच्या अधिकाऱ्यांनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवती सुनंदाबाईंनी, चार्ज अजून पूर्ण दिलेला नाही. फोडणी त्यांच्याच अखत्यारीत आहे. माझ्याकडे सोलणं, निवडणं, चिरणं आणि न मागता मत देणं एवढीच खाती आहेत.)

इथवर कोणाची तक्रार नव्हती. पण मला खाण्याइतकंच खाण्यावर बोलायलाही आवडतं, आणि बोलायला लागलो की मला आवरत नाही. एकदा ओळखीच्यांकडे तेरवीला गेलो होतो. जेवणं झाली. घरच्या माणसांचं सांत्वन करायला मी गंभीर चेहऱ्यानं उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, ‘वांग्याले हात कोणाचा होता जी?’ हिनं मला दंडाला धरून बाहेर आणलं. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरी नुसता वरणभात शिजत होता.

तर गौरी. आमची एकुलती एक मुलगी. पुण्याला नोकरी करते. तिथल्याच निनाद आगाशे नावाच्या मुलाशी तिचं जमलं. मुलगा गुणी, आम्हाला एकदम पसंत. राहिले होते त्याचे आईवडील. ते नागपूरला कोणाच्या तरी लग्नाला येणार होते. तिथून गाडी करून यवतमाळला यायचं, आमच्याकडे जेवायचं आणि संध्याकाळी धामणगावहून रेल्वेनं परत जायचं, असं ठरलं. गौरी आणि निनाद दोघांनाही रजा मिळाली नाही. म्हणजे किल्ला आम्हा दोघांनाच लढवायचा होता. यातल्या एकावर तर गौरीचा अजिबात भरवसा नव्हता. तिनं त्या एकालाच फोन केला.

‘बाबा, एक प्रॉमिस करा. खाण्याचा विषय तुम्ही काढायचा नाही.’

‘अन् मग बोलू काय? जेवायलेच येऊन राह्यले ना ते?’

‘त्यांना जेवू द्या. तुम्ही बोलू नका. निनाद पहिल्यांदा घरी आला तेव्हा तुम्ही त्याला अंबाडीच्या भाजीतून बाहेरच येऊ दिलं नाही. तो काय नोकरी करतो हेसुद्धा विचारलं नाहीत!’

‘अंबाडीत कण्या टाकतात हे त्याले माहीतच नव्हतं, गौरी!’

‘बाबा!!’

मग तिनं मला नीट पढवलं. काकूंना, म्हणजे निनादच्या आईला, पक्ष्यांचं भयंकर वेड. मांज्यात अडकलेले पक्षी सोडवतात, त्यांना मलमपट्टी करतात, घरी एक लंगडा कावळा रोज ठरल्या वेळी चहाला येतो. तेव्हा त्यांच्याशी पक्ष्यांवर बोला. मी हो म्हणालो खरा, पण पक्षी या विषयात मी अगदीच कोरा. आम्ही शाकाहारी, त्यामुळे आमची कोंबडीशीसुद्धा ओळख नाही.

फोन ठेवता ठेवता तिचा आवाज एकदम हळू झाला. ‘बाबा, काकूंचं मन अजून पक्कं होत नाहीये. एवढ्या लांबची माणसं, कशी असतील, काय असतील, असं त्या म्हणतात. मला निनादशीच लग्न करायचंय. सांभाळून घ्या हां.’

मला गलबलून आलं. पोरगी हट्ट करते, भांडते, चिडते, पण ‘सांभाळून घ्या’ असं ती मला कधी म्हणाली नव्हती. मी तिथल्या तिथे शपथ घेतली की काही झालं तरी खाण्याचा विषय मी काढणार नाही. (‘मी काढणार नाही’ हे शब्द लक्षात ठेवा. मी ठेवले होते. तोच घात झाला.)

पाहुणे आले. आगाशे काकू उंच, ताठ, सुती साडी आणि गळ्यात चक्क दुर्बीण! काका शांत गृहस्थ. म्हणजे बोलायची पाळी येत नसल्यामुळे शांत. बैठकीत बसलो. पाणी झालं, चहा झाला, हवापाणी झालं. पक्ष्यांवर बोलायचं म्हणून मी चिमणी, कावळा, बगळा अशी मनात उजळणी करत होतो, पण आत पोपट शिजत होते आणि तो वास बैठकीत आल्यावर बगळा कसा आठवणार?   

शेवटी काकूंनीच तोंड उघडलं. ‘येताना कळंबला चिंतामणीचं दर्शन घेतलं. बाहेर आलो तर काय सांगू, इतके पोपट! हिरवेगार! मी तर बघतच राहिले.’

माझ्या अंगावर काटा आला. आनंदानं! मंदिराबाहेर भाजीवाल्या बसतात, त्यांच्याकडे काकूंनी पोपट पाहिले! आणि विषय कोणी काढला? त्यांनी काढला! माझी शपथ शाबूत!

‘तुम्हाला आवडतात पोपट?’ मी अजून सावध होतो.

‘आवडतात? अहो, जीव आहे माझा त्यांच्यावर!’

‘माझासुद्धा!’ मी खुर्ची पुढे ओढली. ‘पण कळंबचे म्हणजे साधारण बरं का. एकदा घाटंजीच्या बाजारात चला. तिथं गावरान पोपट येतात. पोत्यानं!’

काकूंचा कप बशीवर खणकन वाजला. ‘पोत्यानं? म्हणजे पोत्यात भरून?’

‘मग! सकाळी लवकर गेलं पाहिजे. उशिरा गेलं की खालचे दबलेले मिळतात.’

‘आणि लोक ते... विकत घेतात?’

‘किलोनं घेतात! मी तर एकेक हातानं दाबून पाहिल्याशिवाय घेत नाही. पोपट कवळे असले पाहिजेत. जून झाले की कितीही शिजवा, चिवट ते चिवटच.’

काकू माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं, काय मन लावून ऐकतात! निनादनं अंबाडीच्या वेळी जांभया दिल्या होत्या. ही आई बघा! मग काय, मी सुटलोच.

‘सोलायला तेवढा वेळ लागतो. आज सकाळी आम्ही दोघं या इथंच बसून सोलत होतो. तुम्ही बसलात ना, त्याच जागी.’

काकू उठल्या आणि दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

‘तुम्हाला कल्पना आहे का,’ त्यांचा आवाज कापत होता, ‘की हे वन खात्याला कळलं तर काय होईल?’

मला वाटलं, गंमत करताहेत. पुण्याच्या लोकांचा विनोद कोरडा असतो असं ऐकून होतो. मीही हसून म्हणालो, ‘अहो, वन खात्याचे एक साहेब मागच्या हिवाळ्यात आमच्याकडेच जेवले! पुन्हा पुन्हा वाढून घेत होते. जाताना बायकोसाठी डब्यात बांधून नेले!’

तेवढ्यात आतून हिचा खणखणीत आवाज आला. ‘अहो, पोपट शिजले! वांगे टाकू काय?’

काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांनी पहिल्यांदाच खुर्चीत हालचाल केली. त्यांचं नाक स्वयंपाकघराच्या दिशेला वळलं होतं आणि चेहऱ्यावर फार मोठं धर्मसंकट दिसत होतं.

एवढ्यावर निभावलं असतं तरी चाललं असतं. पण त्याच वेळी फाटकातून आमचे शेजारी शकीलभाई आले. ते मेकॅनिक आहेत. बाजूलाच गॅरेज, आणि गॅरेजच्या टिनाच्या छपरावर पोपटाचा वेल पसरलेला. आजचे पोपट त्यांनीच आदल्या दिवशी टोपलंभर आणून दिले होते. हाताला ग्रीस, खांद्यावर फडकं, हातात लांब पाना, अशा थाटात ते दारात उभे राहिले.

‘भाऊ, पाव्हणे आले म्हणून पाह्यले आलो. काय म्हणते आपला माल? पोपट कवळे निघाले ना?’

‘लोणी, शकीलभाई, लोणी!’

‘निघणारच! टिनावर चढून एकेक मुरगाळून काढला ना मी. ओढले तं फाटते. मुरगाळले की कसे ताजे राह्यतात.’ मग काकूंकडे बघून त्यांनी अदबीनं मान झुकवली. ‘मॅडम, अजून लई आहेत टिनावर. तुमाले पाह्यजेन तं आत्ता काढून देतो.’

‘नको!!’ काकू अशा ओरडल्या की पाना शकीलभाईंच्या हातातून खाली पडला. ‘अहो, उठा! आपण इथे पाणीसुद्धा प्यायचं नाही!’

‘प्यायलो आपण,’ काका म्हणाले. मग माझ्याकडे वाकून, अगदी हळू, ‘काय हो, मला नुसता रस्सा चालेल.’

‘अहो!!!’

काकू मोबाईल घेऊन तडक अंगणात गेल्या. शकीलभाई माझ्याकडे बघत राहिले. ‘भाऊ, मॅडमले वाल चालत नाई का? गॅस होते का?’ मी म्हणालो, ‘पुण्याचं पोट नाजूक असते, शकीलभाई.’ खरं सांगतो, तोवर मला काडीचाही संशय आला नव्हता. उलट मी मनात ठरवत होतो, की भाजी चालत नसेल तर कढी आहे, पोटभर वाढू.

मग माझा फोन वाजला. गौरीचा. गौरी चिडली की तिची पुण्याची भाषा गळून पडते आणि आतून अस्सल यवतमाळ बाहेर येतं.

‘बाबा! काय करून राह्यले तुम्ही तिथं?’

‘काहून? काय झालं? मी विषय काढला नाही बरं, त्यांनीच...’

‘काकूंनी निनादला फोन केला! त्या रडून राह्यल्या! म्हणतात, तुम्ही पोपट मारून खाता!’

‘मारून कायले? शिजवून!’

‘बाबा!!! इकडं त्याले पावटा म्हणतात! पोपट म्हणजे पोपट! झाडावरचा! उडणारा! मिठू मिठू करणारा!’

मी बसलो. जमिनीवरच बसलो. आणि माझीच वाक्यं एकेक करून माझ्या कानात परत यायला लागली. पोत्यानं येतात. दाबून पाहतो. याच जागी बसून सोलले. जून झाले की चिवट. वन खात्याच्या साहेबांनी डब्यात बांधून नेले! मी काकूंच्या जागी असतो तर पोलीस आणले असते. इकडे फोनमध्ये गौरी नुसती हुंदके देत होती. त्या हुंदक्यांनी माझं काळीज फाटलं. पोरीनं एकच गोष्ट मागितली होती आणि मी तिचं लग्न वांग्यात शिजवलं.

मी धावत स्वयंपाकघरात गेलो. सुपात थोड्या न सोललेल्या शेंगा उरल्या होत्या. ते सूप उचललं आणि तसाच अंगणात पळालो. मागून ही, तिच्या हातात पळी. तिच्या मागून शकीलभाई, हातात पाना. आम्हा तिघांना असं धावत येताना पाहून काकू फाटकाबाहेर निघाल्याच होत्या. ‘काकू, थांबा!’ मी ओरडलो. ‘हे पोपट! हे! हे बघा! याले आमी पोपट म्हणतो!’

काकू थांबल्या. सुपात डोकावल्या. चष्मा वर केला. सवयीनं दुर्बिणीलाही हात गेला. एक शेंग उचलून त्यांनी मोडली आणि आतले दाणे तळहातावर घेतले.

‘हे पावटे आहेत,’ त्या म्हणाल्या.

‘हो.’

‘पावट्याला तुम्ही पोपट म्हणता?’

‘हो.’

‘का?’

 मी शकीलभाईंकडे पाहिलं, शकीलभाईंनी हिच्याकडे पाहिलं, हिनं पळीकडे पाहिलं. काका मात्र पायरीवर येऊन उभे होते. ते प्रसन्न आवाजात म्हणाले, ‘म्हणजे जेवायला बसायला हरकत नाही ना?’

जेवणं झाली. काका असे जेवले की शेवटी ताटाला आधार देऊन उठवावं लागलं. काकांना, ताटाला नव्हे. काकू मात्र शब्दही बोलल्या नाहीत. खाली मान घालून जेवत होत्या. भाजी दुसऱ्यांदा घेतली, पण ती आवडली म्हणून की लवकर संपवून निघायचं म्हणून, ते कळेना. आणि विचारायची तर मला बंदीच होती. हिनं माझ्याकडे असं पाहिलं होतं, की मी मीठसुद्धा खुणेनं मागितलं. निघताना हिनं कापडी पिशवीत उरलेले सोललेले पोपट भरून दिले. काकूंनी पिशवी मुकाट्यानं घेतली. गाडीत बसताना एवढंच म्हणाल्या, ‘बराय. पुण्याला पोचलो की कळवतो.’

गाडी वळणाआड गेली. ही म्हणाली, ‘कळवतो म्हणजे नाही.’

‘असं कसं म्हणतेस?’

‘माझ्या माहेरी नेरला सहा सोयरिका मोडलेल्या पाहिल्या मी. साऱ्याच्या साऱ्या कळवणार होत्या.’

 दिवेलागण झाली. दुपारची भाजी झाकलेली होती, भाकर गरम होती, आणि जन्मात पहिल्यांदा मी भाकरीचा तुकडा हातात कुस्करत होतो. समोर पोपट-वांगं आणि मी ताटावर नुसता बसलेलो! गौरीला फोन करायची हिंमत होईना. काय सांगणार होतो? बाबांनी सांभाळून घेतलं नाही, एवढंच.

तेवढ्यात फोन वाजला. काकूंचा! मागे रेल्वेचा खडखडाट ऐकू येत होता.

‘हॅलो, व्याही! ऐका, फार गडबड झाली आहे...’

व्याही! मला व्याही म्हणाल्या! मी हात तसाच भाकरीत ठेवून हिला ओरडून सांगितलं, ‘व्याही म्हणल्या! ऐकलं काय? व्याही!!’ ही धावत आली. तिच्या डोळ्यांत पाणी, माझ्या डोळ्यांत पाणी (ठेचाही होता, पण मुख्य कारण आनंद). काकू तिकडे घाईघाईनं काहीतरी सांगत होत्या आणि माझ्या कानात फक्त ‘व्याही’ घुमत होतं. नंतर जोडून पाहिलं तेव्हा कळलं ते असं. काकूंनी काकांना सांगितलं, ‘पोपट नीट ठेवा, चेंगरतील.’ आमचा शब्द त्या किती कौतुकानं, किती ऐटीत वापरत होत्या! समोरच्या बर्थवरच्या बाईंनी ते ऐकलं आणि टीसीला बोलावून आणलं. टीसी म्हणाला, पक्षी असे नेता येत नाहीत, पिशवी दाखवा. पिशवी सीटखाली, अगदी आत, आणि काका जेवल्यामुळे वाकूच शकत नव्हते. म्हणून पुण्याच्या पक्षीमित्र काकू, पोपट पळवून नेण्याच्या संशयावरून अडकल्या असताना, साक्षीदार म्हणून मला फोन करत होत्या.

‘...तर व्याही, मी टीसींना फोन देते. तुम्ही त्यांना नीट समजावून सांगा.’

एक भारदस्त आवाज आला. ‘हॅलो. तुम्ही यांचे कोण?’

‘व्याही!’ माझी छाती फुगली.

‘यांच्या पिशवीत खरंच पोपट आहेत का?’

‘हाव जी!’ मी आनंदानं ओरडलो. ‘एकदम कवळे! सकाळी मी स्वतःच्या हातानं सोलले!’

फोन हिनं माझ्या हातातून हिसकावून घेतला, तोवर उशीर झाला होता. पिशवी शेवटी पूर्ण डब्यासमोर उघडावी लागली. लग्न मात्र ठरलं, थाटात ठरलं. आता पुण्याचा फोन आला की हीच उचलते. मला तिच्या मागं उभं राहून ‘जेवलात का?’ एवढंच विचारायची मुभा आहे, आणि काय जेवलात हे विचारायला लागलो की ती फोन ठेवते.